उंबरठ्यावरचं भाषण

रेटासाहेबांचे दोन्ही कान गेलेले होते. म्हणजे ऐकू उत्तम यायचं. एंजिनाच्या कुठल्या चाकात कुरकुर आहे ते त्यांना शेडच्या दारातून कळायचं. पण कान म्हणून जी काही आकृती माणसाला मिळते ती उरलेली नव्हती. तळताना चुरगळलेल्या पापडासारखं काहीतरी डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेलं होतं. पहिल्यांदा भेटणारा माणूस हटकून तिकडेच बघत राही. साहेब त्याला पोटभर बघू देत आणि मग म्हणत, "झालं बघून? आता कामाचं बोल."

हे कान विलायतेत गेले. तिकडच्या कुठल्याशा कोळशाच्या खाणीच्या गावात तरुणपणी ते रग्बी खेळत. तो खेळ आमच्या गोंदियाने त्यांच्याआधी पाहिला नव्हता आणि त्यांच्यानंतरही पाहिला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात धरून पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. मध्ये काही चुकलं की पंच शिट्टी वाजवतो. मग दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, कमरेत वाकून, डोक्यांत डोकी अडकवून समोरच्यांना मागे रेटतात. आमच्या एंजिन शेडमधल्या खलाशांनी, म्हणजे अंगमेहनतीच्या कामगारांनी, पहिल्याच दिवशी या प्रकाराला रेटारेटी म्हटलं आणि साहेबांना रेटासाहेब. आणखी एक नियम असा, की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. द्यायचाच तर आपल्या मागून येणाऱ्याला द्यायचा.

"पुढं जाचं आन् चेंडू मांगं देयाचा?" मंगरू खलाशी म्हणाला होता. "हे कोन्या येड्यानं काढलं जी?"

मी ते इंग्रजी करून साहेबांना सांगितलं. साहेबांनी मंगरूच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. म्हणाले, "याला सांग, मला हे कळायला बारा वर्षं लागली. याला एका सकाळी कळलं."

मी लोको शेडमध्ये हजेरी बाबू होतो. आमगावचा माणूस. रोज सकाळच्या पॅसेंजरने यायचो आणि संध्याकाळी परत जायचो. भंडाऱ्याला मॅट्रिक झालो होतो आणि इंग्रजीचा मला फार गर्व होता, आता सांगायला हरकत नाही. साहेब शेडचे फोरमन. वीस वर्षं या मुलखात काढल्यावर त्यांना हिंदी येत नव्हती असं नाही, पण ती सगळी हुकमाची आणि शिव्यांची हिंदी. स्वतःच कबूल करायचे. "या भाषेत मी एंजिन हलवू शकतो. माणसाशी बोलायचं असेल तर तू लागतोस." म्हणून मग हजेरीचं काम संपलं की मी त्यांचा दुभाषा. खलाशाच्या घरी बाळ झालं की मी, कुणाला ताप आला की मी, आणि रेटारेटीच्या मैदानावर तर मी असायचोच, धोतराचा सोगा खोचून, हातात छत्री घेऊन.

खलाशी त्या खेळात आले कसे, तेही सांगायला हवं. स्टेशनाच्या पलीकडे साहेब लोकांचा क्लब होता. बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळच्या, आठवड्यात नागपूरकडची टोळी खेळायला यायची. सकाळी सामना आणि दुपारी क्लबात मोठं जेवण. इकडे पंधरा गडी भरायला गोरे आणि अर्धगोरे मिळून सात-आठच. त्यातही दोघांची पोटं सुटलेली. क्लबाच्या कमिटीचं म्हणणं होतं की सामना बंद करावा आणि जेवण तेवढं ठेवावं. रेटासाहेब म्हणाले, माझ्या शेडमध्ये रोज मालगाडीच्या वाघिणी खांद्याने ढकलणारी माणसं आहेत. कमिटीत खूप खल झाला म्हणतात. शेवटी ठरलं की खलाशांनी खेळावं, जेवायला मात्र बसू नये. त्यांची पंगत क्लबाच्या मागे मोहाच्या झाडाखाली, पळसाच्या पत्रावळींवर. भात, वरण आणि बकऱ्याचा रस्सा. रस्सा आतल्या जेवणापेक्षा चांगला असायचा, पण तो मुद्दा नाही.

साहेबांना ही गोष्ट लागली होती. पण ते कमिटीशी भांडले नाहीत. त्यांनी निराळंच केलं.

त्या जेवणाचा एक रिवाज होता. गोड पदार्थ झाला की जुने खेळाडू एकेक करून उठायचे आणि आपण कुठे कुठे खेळलो, कप्तान असताना काय शिकलो, पुढारी कसा असावा, यावर बोलायचे. सेक्रेटरी साहेब ते वहीत उतरवून घ्यायचे. बहुतेक भाषणं एकाच घाण्यातून काढलेली असत. मी कसा जिंकलो, मी कशी हिंमत दिली, माझ्या एका शब्दावर गडी कसे पेटून उठले. रेटासाहेबांची पाळी आली की ते खुर्ची मागे सारत, चालत चालत मागच्या दारापाशी जात आणि उंबरठ्यावर उभे राहत. एक पाय आत, एक पाय बाहेर. तिथून बोलत. आतल्यांना ऐकू जाई आणि झाडाखालच्यांनाही. मी बाहेरच्या पायरीवर उभा राहून वाक्यामागे वाक्य आमच्या बोलीत सांगायचो. आतल्या काही जणांना हे आवडायचं नाही, पण दारात उभं राहू नये असा काही कमिटीचा नियम नव्हता.

आणि भाषण दरवर्षी तेच. अक्षरही इकडचं तिकडे नाही. तरुणपणी ते आपल्या गावाच्या संघाचे कप्तान होते. मोठा सामना होता. शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि चेंडू यांच्या हातात. उजव्या अंगाला दोन गडी मोकळे धावत होते. "मी मागे पाहिलंच नाही," साहेब म्हणायचे. "मला रेषा दिसत होती. रेषेच्या चार हात अलीकडे मला पाडलं. आम्ही हरलो. त्या दोघांपैकी एक जण पुढे चाळीस दिवसांत खाणीत दबून गेला. त्याने आयुष्यात कधी चेंडू रेषेपलीकडे टेकवला नव्हता. त्या दिवशी त्याने टेकवला असता. लोक इथे जिंकलेल्या गोष्टी सांगतात. माझ्याजवळ सांगण्यासारखा एकच धडा आहे, आणि तो म्हणजे मी न दिलेला चेंडू. मागे कोण येतंय हे न बघता जो पुढे पळतो, तो जोरात पळणारा माणूस असतो. कप्तान नसतो." मग खाली न बसता ते तसेच बाहेर निघून जात आणि मोहाच्या झाडाखाली उभ्या उभ्या मंगरूच्या पत्रावळीतला रश्शाचा बटाटा उचलून खात.

"साहेबाचं भाषन पाठ झालं आता," मंगरू म्हणायचा. "मीच सांगू काय अंदा?"

मंगरू म्हणजे या संघाचा खांब. कोळसा चढवणारा खलाशी, रुंद, बुटका, मान अशी की डोकं थेट खांद्यांवरच ठेवलंय असं वाटावं. तो रेट्याच्या अगदी पहिल्या ओळीत असायचा. त्याच्या बरोबर मागे, त्याच्या मांडीला खांदा लावून, त्याचा धाकटा भाऊ सोमा. दोघांचं घर एक, चूल एक. मंगरूची बायको सेवंता सामन्याला यायची आणि कुंपणाबाहेर उभी राहून नवऱ्याला नाही, दिराला ओरडायची, की माह्या मानसाले हलूच रेटजो.

आता शिट्टीची गोष्ट. ही माझी आहे, म्हणून मी टाळत टाळत इथवर आलो.

रेटा कधी द्यायचा हे आठ जणांना एकाच क्षणी कळावं लागतं, नाहीतर जोर वाया जातो. साहेब इंग्रजीत ओरडून पाहायचे, खलाशांना उशिरा कळायचं. मग खलाशांची शेडमधली आरोळी लावून पाहिली, जोर लगाके हैशा. पण ती समोरच्यांनाही ऐकू जायची आणि तेही सावध व्हायचे. साहेब वैतागले होते. मी म्हटलं, "साहेब, यांना बोलून काय सांगता? यांना एंजिनाची शिट्टी कळते. एक आखूड शिट्टी म्हणजे रेटा. लांब शिट्टी म्हणजे सोडा. झोपेतसुद्धा ओळखतील." खरंच होतं ते. शेडमध्ये दिवसभर त्याच शिट्ट्यांवर त्यांचे हात-पाय चालत. साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दोन बोटं तोंडात घालून एक आखूड शिट्टी मारली. हुबेहूब एंजिन. पलीकडे वाघिणीला टेकून बसलेले दोन खलाशी बसल्या जागी उठून वाघीण रेटायला लागले.

त्या वर्षी आम्ही जिंकलो, पुढच्या वर्षीही. साहेबांचं वय खेळायचं राहिलं नव्हतं. ते रेषेबाहेर उभे राहून शिट्टी मारत. मैदान यार्डाला लागून असल्यामुळे नागपूरच्या टोळीला वाटायचं, कुठलंतरी एंजिन ओरडतंय. शिट्टी झाली की आमचे आठ जण एका अंगाने पुढे सरकत. या गोष्टीचा मला किती अभिमान होता काय सांगू. आमगावला घरी जाऊन मी बायकोला म्हणायचो, साहेबांचा सामना मी जिंकून देतो.

साहेब या बाबतीत फार काटेकोर. सामन्याच्या दिवशी सकाळी दहा ते बारा मैदानाकडच्या लायनीवर एकही एंजिन हलायचं नाही, असा त्यांचा लेखी हुकूम होता. एंजिन हलण्याआधी ड्रायव्हरने आखूड शिट्टी द्यावी हा रेल्वेचा नियम. आणि ती शिट्टी रेट्यातल्या माणसांनी ऐकली तर काय, हे साहेबांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. आदल्या दिवशी ते मैदानावर तणस पसरायला लावायचे, कुणी पडलं तर लागू नये म्हणून. मग त्या तणसावर स्वतः दोन-तीनदा आडवे पडून बघायचे. पन्नाशीचा माणूस, अंगावर कोट, आणि तणसात लोळतोय. ही झाली त्यांची सावधगिरी.

तिसऱ्या वर्षी हेड ऑफिसचे एक फार मोठे साहेब मडमेसकट आले होते. त्यांचा सलून, म्हणजे राहण्याचा खास डबा, मैदानाकडच्याच लायनीवर उभा केलेला. सामना सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. खेळ जरा थांबला होता आणि साहेब मंगरूच्या कानांवर चिंधीची पट्टी बांधत होते. आपल्यासारखे त्याचे कान जाऊ नयेत याची त्यांना फार काळजी. तेवढ्यात सलूनचा शिपाई आला. डब्यावर ऊन आलं होतं, मडमेचं डोकं दुखत होतं, डबा मालधक्क्याजवळच्या सावलीत घ्यावा, अशी चिठ्ठी. मी ती वाचून दाखवली. साहेबांच्या दातात पट्टीचं टोक होतं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातल्या चिठ्ठीवर सही केली. मी ती घेऊन शंटिंगच्या ड्रायव्हरकडे गेलो. जाताना माझ्या मनात हुकुमाचा विचार आला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आला होता. पण मोठ्या साहेबांचं काम होतं, रेटासाहेबांची सही होती, आणि म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम.

मी परत मैदानावर आलो तेव्हा रेटा लागलेला होता. समोरच्यांची पुढची ओळ घसरली आणि सगळा ढीग खाली बसला. पंचाने शिट्टी वाजवली. खेळ थांबला. मंगरूचं डोकं खाली तणसात होतं आणि मागचे हळूहळू सुटायच्या बेतात होते. तेवढ्यात सलूनजवळून एंजिनाने एक आखूड शिट्टी दिली.

आठही जणांची डोकी खाली होती. त्यांनी रेटा दिला.

साहेब ओरडले, इंग्रजीत, हिंदीत. मग त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, लांब शिट्टी मारायला. शिट्टी आली नाही. नुसती हवा. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा नुसती हवा आली. तोंड कोरडं पडलं होतं. तोवर सगळे आपोआप थांबले होते आणि एकेक उठत होता. मंगरू उठला नाही. त्याचे डोळे उघडे होते आणि तो सोमाला म्हणत होता, "माहे हात कुठं गेले रे?"

त्याला खाटेवर घालून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. आणि मग, हे सांगताना आजही मला लाज वाटते, जेवण झालं. पाहुणे आलेले, सूप तापलेलं. मोठे साहेब म्हणाले की खेळात अशा गोष्टी होतात आणि रद्द करणं बरं दिसणार नाही. झाडाखाली खलाशांना बसवलं. पत्रावळी मांडल्या. कुणी हात लावला नाही. सोमा दवाखान्यातून परत आला होता, कारण डॉक्टरांनी त्याला आत थांबू दिलं नव्हतं. तो मोहाच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता आणि उजव्या खांद्यावर डावा हात ठेवून होता.

आत भाषणं सुरू झाली. सेक्रेटरी साहेबांनी मला दारापाशी बोलावून हलक्या आवाजात सांगितलं, की माणसाचा पाय घसरला, असं वहीत जाईल. बाहेर काही विचारलं तर तूही तेच सांगायचं. नोकरी किती वर्षांची झाली रे तुझी? मी सांगितलं. ते म्हणाले, चांगली आहे.

मग रेटासाहेब उठले. नेहमीसारखे चालत आले आणि उंबरठ्यावर उभे राहिले. पण आत पाठ करून. तोंड पूर्ण बाहेर. त्यांनी जुनं भाषण केलं नाही. एकेक वाक्य बोलून माझ्यासाठी थांबत होते.

"एंजिन माझ्या सहीने हललं. हुकूम माझा होता आणि मोडलाही मीच. तुम्हाला शिट्टीची सवय मी लावली. तुम्ही शिट्टी ऐकली आणि रेटा दिला. तुम्ही काहीही चुकला नाहीत. सोमा, तू चुकला नाहीस."

माझ्या अकलेची शिट्टी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली होती. माझ्या हातातली चिठ्ठी त्यांनी उच्चारलीसुद्धा नाही. झाडाखालून पंचवीस-तीस डोळे माझ्याकडे लागले होते. साहेबांच्या खांद्यावरून मला आतले सेक्रेटरी दिसत होते.

मी म्हणालो, "साहेब म्हणून राहिले, मंगरूचा पाय घसरला. कोनाचा काई इलाज नवता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हिंदी त्यांची शिव्यांची होती, पण पाय आणि घसरला हे दोन शब्द कळायला काय लागतं? थोडा वेळ तसेच उभे राहिले. शर्यतीत मागे पडलेल्या गड्यासाठी कुणी थांबावं तसे. मी खाली पायरीकडे पाहत राहिलो. मग ते पायऱ्या उतरून दवाखान्याकडे चालू लागले.

मंगरू अकरा दिवस जगला. साहेब रोज शेड सुटली की त्याच्याजवळ जाऊन बसायचे. मला दुभाषा म्हणून बोलावलं नाही. एकदा मी दारातून पाहिलं तर साहेब त्याला चमच्याने पेज भरवत होते. ओठावरून ओघळलेली पेज ते बोटाने पुसत आणि बोट स्वतःच्या कोटाला पुसत.

त्यानंतर क्लबातली रेटारेटी बंद पडली. साहेबांचं भाषण वहीत गेलं नाही. फोरमनकीवरून त्यांना खाली उतरवलं आणि एंजिन तपासणीच्या कामाला लावलं. त्यांनी बदली मागितली नाही, विलायतेला गेले नाहीत. क्लबात पाऊल टाकलं नाही. पूर्वी शेडभर बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत फिरणारा माणूस, त्याची शिट्टी पुन्हा कुणी ऐकली नाही. माझ्याशी मात्र वागणं पहिल्यासारखंच. "बाबू, आज पॅसेंजर वेळेवर होती का?" एवढं रोज विचारायचे. मला वाटायचं, एकदाचे शिव्या देतील तर बरं होईल. त्यांच्या त्या साध्या बोलण्याचा मला इतका त्रास व्हायचा की मी त्यांना टाळायला लागलो. सहा वर्षांनी ते तापाने गेले. त्यांना खांदा द्यायला क्लबातून चार जण आले आणि शेडमधून सगळी शेड.

सोमा त्याच शेडमध्ये राहिला. कोळशाची टोपली तो डाव्या खांद्यावर घ्यायचा. उजव्यावर कधीच नाही. मला ते दिसायचं. मनात म्हणायचो, उद्या सांगेन. सेवंतेला साहेबांनी शेडमध्ये पाणी भरायचं काम लावून दिलं होतं. रोज अकराच्या सुमाराला ती माझ्या टेबलाशी पाण्याचा पेला घेऊन यायची. पाणी पिऊन झालं तरी क्षणभर उभी राहायची. मला वाटायचं, रिकामा पेला घ्यायला थांबलीय. मी पेला पुढे करायचो आणि ती निघून जायची.

साहेब लोक गेले त्या वर्षी क्लब आमच्या लोकांच्या हातात आला. नव्या कमिटीने ठरवलं की बड्या दिनाचं जेवण चालू ठेवायचं, पण सगळ्यांनी आत बसायचं. ड्रायव्हर, बाबू, खलाशी, सगळे एका ओळीत. मेजं काढून टाकली आणि जमिनीवर पाटावर पंगत बसली. वयाने मोठा म्हणून मला सांगण्यात आलं की जुने खेळ तुम्ही पाहिलेत, जुने कप्तान पाहिलेत, पुढारी कसा असावा यावर दोन शब्द बोला. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. पुढच्या महिन्यात माझी नोकरी संपणार होती. मला कशाचं भय उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी बोललो.

मी उठलो आणि मागच्या दारापाशी जाऊन उंबरठ्यावर उभा राहिलो. झाडाखाली कुणी नव्हतं. मी आत तोंड केलं आणि सगळं सांगितलं. शिट्टीची कल्पना कुणाची, चिठ्ठी कुणी नेली, साहेब त्या दिवशी इथे उभं राहून काय बोलले आणि मी काय सांगितलं. मध्येच पाणी मागून प्यालो आणि उरलेलं सांगितलं. शेवटी म्हणालो, सोमाभाऊ, तुम्ही चुकला नव्हतात, हे साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं. ते मी खाल्लं.

सोमा ओळीच्या टोकाला बसला होता. केस पांढरे झालेले. त्याने हातातला घास पानात ठेवला.

"मालूम होतं बाबूजी," तो म्हणाला. "त्याच सांजेले साहेब घरी आला होता. आमच्या अंगनात खाली बसला. आपल्या त्या तोडक्यामोडक्या बोलीत समदं सांगून गेला. एंजिन मैंने छोडा, सोमा का गलती नहीं. चारदा म्हनला. पन खांदा तं माहाच होता न जी."

"मग इतकी वर्षं मला कुणी बोललं का नाही?"

"सेवंतानं इचारलं होतं साहेबाले, की बाबू झूट काऊन बोलला. मी तं तुमाले मारालेच निंगालो होतो. साहेब म्हने, नको. बाबू पीछे से आ रहा है. रुको उसके लिए." सोमाने बोटं पानाच्या कडेला पुसली. "म्हनून थांबलो. इतका टाइम लागल असं नवतं वाटलं."

मी विचारलं, सेवंता कुठे आहे. ती आता कामावर दिसत नाही.

"ते तं पोळ्याच्या महिन्यातच वारली, बाबूजी. गैरहाजर म्हनून तुमच्या हजेरीतूनच नाव काटलं न तुमी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "रोज कामाहून आली का मी इचारो, बोलला का आज बाबू? ते म्हने, नाई. पानी पेला आन् गिलास वापस देल्लन."

कुणीतरी मला हाताला धरून पाटावर बसवलं. पान वाढलेलं होतं. भात, वरण, बकऱ्याचा रस्सा. शेजारी पाण्याचा पेला भरून ठेवला होता आणि तो मला उचलता येईना.